गच्चीवरचा बाकला: फुलं ढीगभर, शेंग एकही नाही

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता, संध्याकाळी साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या, हातात स्टीलची वाटी, वाटीत मूठभर काळी पडलेली सुकलेली फुलं. म्हणाल्या, "अगं, ही आजची. रोज एवढी पडतात. झाडं बघितलीस तर दृष्ट लागेल अशी आहेत, आणि शेंग म्हणशील तर एक नाही." मी पायात चपला सरकवल्या आणि तशीच त्यांच्याबरोबर गच्चीवर गेले.

आमची सोसायटी कोथरूडची, चार मजली जुनी बिल्डिंग, गच्ची सगळ्यांची सामायिक, त्यातला पश्चिमेचा कोपरा काकूंचा आणि जिन्याच्या बाजूचा माझा. मी गेली दहा-अकरा वर्षं गच्चीवर भाज्या लावते, वांगी टोमॅटो घेवडा पावटा वगैरे, पण बाकला, म्हणजे फावा बीन, मी आधी कधी लावलेला नव्हता. हे सगळं सविस्तर लिहिते आहे कारण पुण्यात बाकला लावून बघणारे आता बरेच भेटतात आणि जवळपास सगळ्यांची तक्रार हीच असते, झाड छान, फूल भरपूर, शेंग नाही. आणि बहुतेक जण पुढच्या वर्षी लावतच नाहीत. मला वाटतं ते सोडून द्यायची काही गरज नाही.

आधी हे बी आलं कुठून ते सांगते. काकूंची सून बिहारची, दरभंग्याकडची. दिवाळी-छठला माहेरी गेली होती, येताना तिच्या आईने घरचं बी दिलं, पाव किलोभर, एका जुन्या रुमालात बांधून. तपकिरी, चपटं, आपल्या वालापेक्षा जाड आणि एका कडेला काळी रेघ. ती म्हणाली बाकला. काकूंनी बघितलं आणि त्यांच्या डोक्यात बसलं की हा तिकडचा पावटा. त्यामुळे त्यांनी तो पावट्यासारखाच लावला, वेल चढेल म्हणून कठड्याला सुतळ्या बांधून ठेवल्या.

इथे पहिला घोळ. बाकला म्हणजे इंग्रजीत ज्याला ब्रॉड बीन किंवा फावा बीन म्हणतात ते, शास्त्रीय नाव व्हिसिया फाबा. आपला वाल, पावटा ही वेगळी प्रजाती, लॅबलॅब. दोन्ही शेंगवर्गीय असले तरी बाकल्याचं जवळचं नातं मटार आणि मसूरशी आहे. काकूंना खरं तर उगवतानाच शंका आली होती, त्या सांगत होत्या की पावटा उगवताना बियांच्या दोन फाकी मान वाकवून मातीच्या वर येतात ना, तशा ह्याच्या आल्याच नाहीत, सरळ हिरवा कोंबच वर आला. बरोबर आहे, पावटा चवळी घेवडा ह्यांच्या फाकी वर येतात आणि बाकल्याच्या मात्र मटार-हरभऱ्यासारख्या मातीतच राहतात. ज्यांना बी नक्की कशाचं आहे कळत नसेल त्यांच्यासाठी ही सगळ्यात सोपी खूण. मग पुढे झाड वाढलं की शंका उरतच नाही, खोड चौकोनी आणि आतून पोकळ, वेल नाही, तणावे नाहीत, पानाच्या टोकाला नुसतं बारीकसं टोक असतं, आणि फूल पांढरं, दोन बाजूच्या पाकळ्यांवर शाईचा ठिपका पडल्यासारखा काळा डाग. वास फार गोड येतो, सकाळी गच्चीचं दार उघडलं की यायचा.

तर त्या दिवशी गच्चीवर जे दिसलं ते असं. आठ ग्रो बॅग, पंधरा इंची, प्रत्येकीत दोन झाडं, म्हणजे सोळा. पेरणी २० डिसेंबरच्या सुमाराची. झाडं माझ्या छातीला लागत होती, पानं जाड गडद हिरवी, काही झाडं वजनाने आडवी झालेली. प्रत्येक बेचक्यात पाच-सहा फुलांचा झुपका. खालच्या बेचक्यांत फुलं गळून नुसते देठ राहिलेले, चार-दोन ठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढी शेंग धरून पिवळी पडलेली. किडीचं नाव नाही तेव्हा.

मी काकूंना तीन गोष्टी विचारल्या. खत काय घालताय, पाणी किती, आणि दुपारी कधी वर येता का. खत म्हणजे लावताना निम्मं शेणखत, वरून सोसायटीच्या कंपोस्ट मशीनमधलं खत, आणि दर आठ दिवसांनी जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाचं पातळ खत. पाणी रोज सकाळ संध्याकाळ. आणि दुपारी त्या वर येत नाहीत, गुडघे दुखतात, ऊन असतं.

खत जास्त झालं होतं हे उघड होतं, शेंगवर्गीय झाडाला एवढा नत्र दिला की ते पाल्यावर जातं. काकूंचा संशय मधमाश्यांवर होता, कारण बिहारमधून व्याहीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या की आमच्याकडे तर नुसतं बांधावर फेकलं तरी शेंगांनी लगडतं, तिकडे माश्या नसतील. आणि माझा संशय उन्हावर. पण संशय तीन, आणि फुलं महिनाभरच टिकणार, त्यामुळे जे करायचं ते लगेच करावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझा साधा डिजिटल थर्मामीटर, किमान-कमाल नोंदवणारा, एका बॅगेच्या मागे सावलीत झाडांच्या उंचीवर लटकवला. पहाटे १३ अंश. दुपारी तीनला ३७. मी दोनदा बघितलं. त्या दिवशी पेपरात पुण्याचं कमाल तापमान ३३ दिलेलं होतं, पण पेपरातलं तापमान मोकळ्या मैदानात झडपांच्या पेटीत मोजतात, आणि आमचा पश्चिमेचा कोपरा म्हणजे खाली तापलेला कोबा, मागे कठड्याची भिंत, वारा अडलेला.

बाकल्याला सगळ्यात मानवतं ते साधारण १५ ते २० अंश. २७-२८च्या वर जायला लागलं की फुलं गळायला लागतात, पराग नीट काम करत नाही, धरलेली बारीक शेंगही झाड टाकून देतं. भूमध्य समुद्राच्या आसपासचं हे पीक, तिथे आणि इजिप्तमध्ये हजारो वर्षं हिवाळ्यात घेतात. आणि बिहारचं म्हणाल तर पाटण्याला जानेवारीत दुपारचं सरासरी तापमान २२-२३ असतं. पुण्याला जानेवारीत दुपारी सरासरी ३०. पहाटेचा फरक मात्र फार नाही, तिकडे ९-१०, आपल्याकडे ११-१२. म्हणजे आपण पुण्याची थंडी मोजतो ती सकाळी फिरायला जाताना घातलेल्या स्वेटरवरून, आणि ती खरीच असते, पण ती दहा वाजता संपते. फूल उमलतं आणि फळधारणा होते ती दुपारीसुद्धा, आणि दुपारी पुण्यात बिहारसारखा हिवाळा नसतोच. हे माझ्या लक्षात यायला थर्मामीटर लटकवावा लागला, नाहीतर मी पण "थंडीतलं पीक आहे, थंडी आहे, मग काय प्रॉब्लेम" असंच म्हणत बसले असते.

मग आम्ही असं केलं. आठातल्या चार बॅगा वॉचमनच्या मदतीने काकूंच्या पूर्वेच्या बाल्कनीत उतरवल्या, तिथे सकाळचं ऊन अकरा-साडेअकरापर्यंत आणि मग दिवसभर सावली, दुपारी तीनला २९-३०. चार बॅगा वरच ठेवल्या. खत सगळ्यांचं बंद, पाणी एकदाच. आणि दोन्हीकडच्या दोन दोन बॅगांमधल्या फुलांना हाताने "चालवायचं", दोन दोन तशाच सोडायच्या. हाताने चालवायचं म्हणजे काय ते नीट सांगते कारण हे फार जणांना माहीत नसतं. ह्या फुलात वर उभी एक मोठी पाकळी असते, बाजूला काळे डाग असलेले दोन पंख, आणि पंखांच्या आत होडीसारखी मिटलेली जोडपाकळी, त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर बंद. माशी पंखांवर वजन टाकून बसते तेव्हा होडी खाली दबते आणि आतला केसर बाहेर येऊन तिच्या पोटाला घासतो. आपण तेच करायचं, दोन्ही पंख चिमटीत धरायचे आणि हलकेच खाली ओढायचे, आतून हिरवट टोक पिवळी पूड घेऊन वर येतं, सोडलं की परत आत. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, उमललेल्या फुलांनाच. काकूंच्या सुनेचा हात इतका बसला त्यात की वीस मिनिटांत चारही बॅगा करायची.

तीन आठवड्यांनी मोजलं. गच्चीवर न चालवलेल्या दोन बॅगांत शून्य. गच्चीवर चालवलेल्यांत चार धरल्या होत्या, चारही बोटाच्या पेराएवढ्या होऊन गळाल्या, म्हणजे शून्यच. बाल्कनीत न चालवलेल्यांत ३. बाल्कनीत चालवलेल्यांत ११. चारचार झाडांवरचे आकडे आहेत, ह्यावरून कोणी शास्त्र मांडू नये. पण मला त्यातून एवढं नक्की दिसलं की ऊन हाताबाहेर असेल तर माश्यांनी किंवा आपण कितीही सेवा केली तरी उपयोग नाही, आणि ऊन आटोक्यात आलं की मग फूल चालवण्याने फरक पडतो, चांगलाच पडतो.

माश्यांबद्दल काकूंची शंका अगदीच चुकीची नव्हती हे नंतर कळलं. आमच्या गच्चीवर फुलोरी माश्या येतात, सातेरी पण येतात, पण त्या बाकल्याच्या फुलावर फार टिकत नव्हत्या, फूल लांब नळीचं, रस खोल. येत होता तो मोठा काळा भुंगा, लाकडात भोकं करणारा, आणि तो फुलाच्या तोंडाकडे जातच नव्हता. मी एकदा अर्धा तास शेजारी स्टूल टाकून बसले. तो आला, फुलाच्या देठाकडच्या बाजूला बसला, बुडाला चीर पाडली, बाहेरूनच रस प्यायला आणि गेला. मग त्याच भोकातून एक सातेरी येऊन प्यायली. नंतर फुलं उलटी करून बघितली तर कितीतरी फुलांच्या बुडाशी बारीक तपकिरी चीर होती. म्हणजे गच्चीवर गुणगुण भरपूर आणि परागीभवन थोडं. बाकला स्वतःचं परागीभवन स्वतः काही प्रमाणात करतो, माशीची गरज शंभर टक्के नसते, पण कुणीतरी फूल हलवलं तर जास्त शेंगा धरतात.

त्या वर्षी मार्चमध्ये झाडं उपटली तेव्हा मुळं धुऊन बघितली. मटार किंवा मेथी उपटली की मुळांवर गाठी दिसतात तशा ह्यांच्यावर जवळपास नव्हत्याच, ज्या चार-दोन होत्या त्या बारीक पांढऱ्या, नखाने फोडल्यावर आत गुलाबी नाही. गाठ आतून गुलाबी असली की ती काम करते आहे, हवेतला नत्र धरते आहे. आमची माती कोकोपीट आणि विकतच्या लाल मातीची, तिच्यात ह्याला लागणारे जिवाणू असायचं कारण नव्हतं, आणि वरून इतकं खत की झाडाला त्यांची गरजही नव्हती.

दुसऱ्या वर्षी काकूंनी गणपतीतच विचारायला सुरुवात केली, "ह्या वेळी कधी लावायचं?" मी उलटा हिशोब केला. पुण्यात दुपार त्यातल्या त्यात सौम्य असते ती डिसेंबरचा पहिला आठवडा ते जानेवारीची २०-२५ तारीख, संक्रांतीनंतर दुपारचं ऊन बदललेलं कळतंच. फुलं ह्या दिवसांत यायला हवीत. पेरल्यापासून फुलापर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस. म्हणजे पेरणी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, परतीचा पाऊस संपला की लगेच. ऑक्टोबर हीटमध्ये कशाला म्हणून काकू कुरकुरल्या, पण रोपाला ३२ अंश सोसतात, अडचण फुलांची असते.

२२ ऑक्टोबरला दहा बॅगा पेरल्या, ह्या वेळी जागा बदलून, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, म्हणजे दुपारी एकनंतर टाकीचीच सावली. बी रात्रभर भिजवलं, मग गुळाच्या पाण्यात रायझोबियम, म्हणजे मुळांवर त्या गाठी करणारे जिवाणू, कालवून चोळलं, सावलीत अर्धा तास वाळवलं आणि दीड-दोन इंच खोल टोचलं. रायझोबियमचं पाकीट मागताना एक काळजी घ्यायची. हे जिवाणू गटागटाचे असतात, चवळी-मूग-तुरीला चालणारं वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, सोयाबीनचं वेगळं. बाकल्याला मटार-मसूरच्या गटाचं लागतं. दुकानात "कडधान्याचं द्या" म्हटलं तर हातात काहीही पडू शकतं, म्हणून पाकिटावर वाटाणा लिहिलंय का बघून घ्या. आणि कुणाचं पुरंदरकडे शेत असेल तर सासवडच्या मटाराच्या वावरातली दोन ओंजळ माती आणून मिसळली तरी चालावं, जिवाणू तेच. आम्ही तीही आणली होती, माझ्या आतेभावाकडून, पण ती दोनच बॅगांत घातली.

खत ह्या वेळी लावताना एक चतुर्थांश जुनं शेणखत आणि मूठभर राख, नंतर काहीही नाही. दहातल्या एका बॅगेला मुद्दाम जिवाणू लावलं नाही. आणि काकूंच्या हट्टाने दोन बॅगा राखून ठेवल्या त्या १ डिसेंबरला पेरल्या, त्याच जागी, त्याच मातीत, जिवाणू लावून. तेव्हा मला तो हट्ट अनाठायी वाटला होता, बी वाया जाईल म्हणून. पण त्या दोन बॅगांमुळेच पुढे काही खात्रीने बोलता आलं.

पेरल्यावर पारव्यांनी दोन बॅगा उकरल्या, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाकला, संपलं. उगवून आठ-दहा इंच झाल्यावर प्रत्येक बॅगेत चार काठ्या आणि भोवती सुतळी, खोड पोकळ असल्याने वाऱ्याने मोडतं, टेकडीकडून संध्याकाळी वारं येतं आमच्याकडे.

मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, आली ती डिसेंबरच्या मध्यावर. त्याआधी आठवडाभर मुंग्या दिसत होत्या आणि काकू मुंग्यांची पावडर आणायला निघाल्या होत्या. मी त्यांना भिंग देऊन पान दाखवलं. बाकल्याच्या पानाच्या देठाशी जी दोन छोटी उपपर्णं असतात, त्यांच्या पाठीवर एकेक काळसर ठिपका असतो, तो डाग नाही, त्यातून गोड रस झिरपतो, मुंग्या तो खायला येतात, मावा नसला तरी येतात. त्यामुळे नुसत्या मुंग्या दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. पण मग चार दिवसांनी शेंड्यांवर खरंच काळा मावा बसला, कोवळा शेंडा दिसेनासा झाला, आणि त्याच मुंग्या आता त्याची राखण करायला लागल्या.

तेव्हा खालच्या चार-पाच बेचक्यांत शेंगा धरलेल्या होत्या, म्हणून सगळ्या झाडांचे शेंडे तीन-चार इंच खुडून टाकले. मावा कोवळ्या शेंड्यावरच जास्त असतो, शेंडा गेला की त्याचं घर गेलं, आणि झाडाची ताकद शेंगांकडे वळते. ज्यांवर मावा नव्हता त्या शेंड्यांची सुनेने लसूण-मिरचीवर भाजी केली, पालकासारखी लागते, थोडी तुरट. उरलेल्यावर पाण्याची जोरदार फवारणी तीन सकाळी, आणि एकदा पाच टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी माश्या परतल्यावर. आठवड्याभरात ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) मावा खाणाऱ्या अळ्या दिसल्या, करड्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीसारख्या, त्यांना कीड समजून मारू नका, बाकीचं काम त्यांनीच केलं.

फुलं ७ डिसेंबरला सुरू झाली होती. सून रोज सकाळी चालवायची. थर्मामीटर टाकीच्या आडोशाला, दुपारी तीनला २७ ते २९, पहाटे दहा-अकरा, एकदा नऊ. पहिली शेंग १४ जानेवारीला तोडली, बोटभर लांब, फुगीर, आत पांढरी मखमल आणि त्यात चार दाणे. ती सोलल्यावर बोटं काळी पडतात, दोन दिवस जात नाहीत, हे आधी सांगून ठेवते. १२ फेब्रुवारीपर्यंत तोडत होतो. दहा बॅगांतल्या वीस झाडांच्या हिरव्या शेंगा झाल्या पावणेचार किलो, शिवाय बियाण्यासाठी सोडल्या त्या वेगळ्या.

आणि १ डिसेंबरच्या त्या दोन बॅगा? फुलं १८-१९ जानेवारीला. सुरुवातीच्या दोन बेचक्यांत शेंगा धरल्या, वरच्या सगळ्या गळाल्या. चार झाडांच्या मिळून १४ शेंगा. बाकी सगळं सारखं होतं, फक्त तारीख पाच-सहा आठवडे उशिराची. जिवाणू न लावलेल्या बॅगेचं म्हणाल तर पानं थोडी फिकी होती, गाठी मोजक्या, पण शेंगा बाकीच्यांच्या जवळपास तेवढ्याच. म्हणून मी तरी आमच्या गच्चीपुरतं असं म्हणेन की जिवाणू लावावं, चांगलंच आहे, पण ज्याने शेंगा आणल्या ती पेरणीची तारीख आणि दुपारची सावली.

हे कोथरूडचं झालं. पाषाण, एनडीएच्या बाजूला रात्री शिवाजीनगरपेक्षा जास्त थंड असतात, कोरेगाव पार्क, मगरपट्टा तिकडे कमी थंड, त्यामुळे तुमचे दिवस आठवडाभर इकडे तिकडे होतील. आधी एक हिवाळा दुपारी तीनचं तापमान नुसतं टिपून ठेवलंत तरी पुढचं सोपं जाईल.

आता जे सांगायचं राहिलं ते शेंगांपेक्षा महत्त्वाचं आहे. पावणेचार किलो काही काकूंच्या घरी संपणार नव्हत्या, म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी तिळगुळाबरोबर पाच-सहा घरी शेंगांच्या पिशव्या द्यायचं ठरवलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, बाकला, म्हणजे फावा बीन्स. दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीचा फोन, तिचा मुलगा तीन वर्षांचा. त्याला जन्मल्यावर कावीळ झाली तेव्हा टेस्टमध्ये जी-सिक्स-पीडी कमी निघालं होतं, आणि डॉक्टरांनी दिलेल्या टाळायच्या गोष्टींच्या कागदावर काही औषधांबरोबर फावा बीन्स लिहिलेलं होतं. तिला हे नाव तीन वर्षं पाठ होतं पण फावा बीन्स म्हणजे नक्की काय ते कधी दिसलं नव्हतं. काकूंनी नुसतं "सुनेच्या माहेरचा पावटा गं" म्हणून पिशवी दिली असती तर तिने आनंदाने उसळ केली असती.

बाकल्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन नावाची द्रव्यं असतात. ज्यांच्या तांबड्या पेशींमध्ये जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या पेशी ह्या द्रव्यांमुळे फुटू शकतात, खाल्ल्यापासून साधारण एक-दोन दिवसांत मूल पांढरं पडतं, डोळे पिवळे होतात, लघवी चहासारखी गडद होते, आणि अशा वेळी ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो. शिजवून हे पूर्ण जात नाही. दोष आनुवंशिक आहे, मुलग्यांत जास्त दिसतो, आणि पुष्कळांना तो आपल्यात आहे हे माहीतही नसतं. अंगावर पाजणाऱ्या आईनेही बाळाला हा दोष असेल तर खाऊ नये. पार्किन्सनच्या गोळ्या चालू असतील त्यांनीही डॉक्टरांना विचारावं, कारण त्या गोळीतलं लेव्होडोपा ह्या शेंगेत नैसर्गिकच असतं. आपल्या वाल-पावट्यात व्हायसिन नसतं, पण ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी नावांच्या घोळात न पडता शेंग डॉक्टरांना दाखवूनच विचारलेलं बरं. आम्ही तेव्हापासून कुणाला शेंग देताना आधी हे विचारतो, मगच पिशवी.

उरलेल्या शेंगांचं सुनेने मोहरीच्या तेलात बटाटा घालून केलं, कोवळ्या शेंगा सालासकट. काकूंनी जून शेंगांचे दाणे काढले, गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवले आणि बोटाने दाबून एकेक साल काढली, वालाच्या डाळिंब्या सोलतात अगदी तशा, पेपर पसरून, टीव्हीसमोर बसून. मग गोडा मसाला, आमसूल, गूळ, वरून ओलं खोबरं. चव वालाइतकी कडसर नाही, मऊ लागते, पिठूळ. सुनेने दोनदा घेतली.

शेवटच्या शेंगा झाडावरच काळ्या होऊ दिल्या. त्यातून बी निघालं सव्वाशेच्या आसपास, राखेत घोळवून बरणीत ठेवलंय, कारण भुंगेरा कडधान्याला लागतो तसा ह्यालाही लागतो. पंधरा बिया दरभंग्याला परत गेल्या. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या २० तारखेभोवती पेनाने गोल केलेला आहे आणि खाली लिहिलंय, टाकीमागे, शेणखत कमी.